माशाचे शेवटचे गिऱ्हाईक कोण?



मागच्या जिल्हा बैठकीत चहाच्या वेळी एका कार्यकर्त्याने खिशातून घडी केलेले पत्रक काढून सतरंजीवर ठेवले. रंगीत छपाईचे. वर लाल-निळ्या शेपटीचे मासे आणि खाली मजकूर : घरबसल्या शोभिवंत मासे पाळा, जागा दहा बाय दहा पुरे, तयार माल आम्हीच परत विकत घेऊ. कार्यकर्ता म्हणाला, "तीन वर्षं पऱ्हाटीनं मारलं. बायको म्हणते, हे करून बघू. आता बैठकीनंच सांगावं."

बैठकीत हशा पिकला. कापसाच्या गावात मासे, तेही खायचे नव्हेत तर नुसते बघायचे. पण मागच्या रांगेतल्या दोघातिघांना हसू आले नाही. ते एमूवाले होते.

ज्यांच्या आठवणीतून गेले असेल त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हाही असेच पत्रक आले होते. एमूची जोडी घ्या, अंडी-पिल्ले आम्ही परत घेऊ, तेल, कातडे, मांस, पिसे, कशालाही मरण नाही. कर्ज काढून लोकांनी जाळ्या ठोकल्या. 2012 च्या सुमारास तो डोलारा कोसळला, तामिळनाडूत कोसळला तसा आपल्याकडेही. तेल घेणारा आला नाही, मांस खाणारा आला नाही. पिल्लू विकत घेणारा फक्त एकच होता, तो म्हणजे एमू पाळायला निघालेला पुढचा शेतकरी. तो मिळेनासा झाला त्या दिवशी धंदा संपला. आमच्या गावातल्या एमूच्या जाळीत आज शेळ्या बांधतात. पुढे 2019 साली सांगलीकडे कडकनाथ कोंबडीचे तेच झाले. कोंबडी काळी होती, हिशेबही काळाच निघाला.

तेव्हा त्या कार्यकर्त्याला हो किंवा नाही सांगण्याआधी हा धंदा जिथे खरोखर चालतो तिथे जाऊन बघायचे ठरले. आमच्या तालुक्यातला एक पोरगा रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे. मराठवाड्यातली पोरे मास्तरकीसाठी कोकणात जातात हे आता नवे राहिलेले नाही. त्याने कळवले की इथे एका घरी मागीलदारी मासे तयार करतात आणि विकतात, येऊन बघा. वेचणी आटोपली, ज्वारी हुरड्यातून पुढे सरकली, तेव्हा माघात आम्ही चौघे गेलो.

गुहागर म्हटले की आपल्या पिढीला एन्रॉन आठवतो. तो अंजनवेलचा वीज प्रकल्प याच तालुक्यातला. पण गुहागर म्हणजे मुळात नारळी-पोफळीचे आगर, समोर समुद्र, लाल चिऱ्याची घरे आणि घरटी एक माणूस मुंबईला. घरापुढच्या अंगणाला तिथे खळे म्हणतात. आमच्यातल्या एकाने विचारलेही, "कणसं कुठं आहेत?"

ज्या घरी गेलो तिथल्या बाईंचा नवरा मुंबईत नोकरीला. घरी त्या, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मागीलदारी विहीर, विहिरीजवळ झावळ्यांचा मांडव, मांडवाखाली सिमेंटच्या टाक्या आणि पडवीत काचेच्या पेट्या. आम्हाला वाटले होते काही तरी यंत्रसामग्री असेल. तसे काही नव्हते. हवा सोडणारा एक छोटा पंप, जाळीचे गाळणे, प्लॅस्टिकची टोपली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांची एक रांग. प्रत्येक बरणीत एकेक मासा. हे फायटर. दोन नर एका भांड्यात ठेवले तर एकमेकांना फाडतात, म्हणून ही बरण्यांची चाळ.

पण मुख्य धंदा गप्पीचा. हो, तोच गप्पी. हिवतापाच्या मोहिमेत आरोग्य खात्याचा माणूस आपल्या हौदात फुकट सोडून जातो तो. डासांच्या अळ्या खाणारा, करड्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा. हा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. 1866 साली त्रिनिदाद बेटावरून गप्पी आडनावाच्या गृहस्थांनी तो लंडनला पाठवला म्हणून हे नाव पडले. त्याच माशातून निवड करत करत लोकांनी लाल, निळे, पिवळे, पंख्यासारख्या शेपटीचे वाण काढले. आपल्या हौदातला फुकट, त्यांच्या टाकीतला पैसे देऊन. फरक फक्त वाणाचा.

हे वाण सांभाळण्याचे काम बघून आम्हाला ज्वारी आठवली. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लेच देतो. साधारण चार आठवड्यांनी एक वेत, वेताला वीस ते पन्नास पिल्ले. आईच पिल्ले खाते, म्हणून मादीला जाळीच्या टोपलीत ठेवायचे. पिल्ले खाली निसटतात आणि वाचतात. पिल्लांना आर्टेमिया नावाचा बारीक जीव खाऊ घालायचा. त्याची अंडी डब्यात विकत मिळतात, मिठाच्या पाण्यात टाकली की दीड दिवसात फुटतात. तीन-चार आठवड्यांत नर-मादी ओळखू येतात. ओळखू आले की त्याच दिवशी वेगळे करायचे, उद्यावर टाकायचे नाही. कारण मादीला एकदा परका नर लागला की ती त्याचे बीज पोटात साठवून ठेवते आणि नंतर कित्येक महिने नर नसतानाही त्याचीच पिल्ले देत राहते. एका दिवसाच्या आळसाने वर्षाचा वाण बाटतो.

आपल्या आया-आज्या खळ्यावर कणसे निवडून मालदांडीचे बी आडाला टांगून ठेवत होत्या. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी 35-1 इतकी वर्षे टिकली, ती कणीस निवडणाऱ्या हातांमुळेच. कापसात मात्र आपण बी आपल्या हातातून सोडले. आधी संकरित आले, 2002 नंतर बीटी आले. उत्पादन वाढले हे नाकारण्यात अर्थ नाही, पण दर वर्षी पाकिटासाठी दुकानाच्या रांगेत उभे राहणे आले. त्या बाईंचे बी त्यांच्या टाकीत आहे. लाल शेपटीची नवी जोडी त्यांनी एकदाच आणली. आम्ही तिथे उभे राहून सर्वांत जास्त हेवा केला तो याचा.

आता पाण्याचे. आपल्या भागात मासे म्हटले की पहिला प्रश्न पाण्याचा. आम्ही तिथेच पडवीत बसून हिशेब मांडला. समजा शंभर लिटरच्या दहा टाक्या आहेत. भरायला एकदा हजार लिटर. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे म्हणजे अडीचशे लिटर. एका म्हशीला नुसते प्यायला आठवड्याला याहून जास्त लागते. शिवाय टाकीतून काढलेले पाणी वाया जात नाही, त्यात माशाची घाण असते, ते वांग्या-मिरचीला चालते. म्हणजे अडचण पाण्याची नाही.

अडचण उन्हाची आणि थंडीची आहे. गुहागरला समुद्र आहे. तिथे उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या आसपास आणि थंडीत फार खाली जात नाही. माशाला वर्षभर साधारण एकच हवा. आमच्या परभणीत मे महिन्यात पत्र्याखाली भाजी शिजेल अशी गत आणि डिसेंबरात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पाणी सदतीस-अडतीस अंशांवर गेले की गप्पी तडफडायला लागतो, कारण तापलेल्या पाण्यात हवा कमी विरघळते. त्यात वीज गेली आणि पंप बंद पडला तर सकाळी पांढऱ्या पोटाचा थर. पत्रकात हे कुठेही लिहिलेले नव्हते.

मग विक्रीकडे वळलो. बाई म्हणाल्या, "मासे काय, कोणीही वाढवील हो. विकणं हे खरं काम. पहिलं वर्ष आमच्याकडे मासेच मासे आणि घेणारं कोणी नाही. शेवटी शाळेतल्या पोरांना वाटले." पुढे मुलगी चिपळूणला कॉलेजात जाऊ लागली. तिने तिथल्या दुकानांत विचारले. दुकानदार मुंबईहून, कुर्ल्याच्या बाजारातून माल आणत होते. येताना वाटेत मासे मरत. तिने सांगितले, आम्ही आठवड्याला आणून देऊ, मेलेला मासा आमचा. तेव्हापासून त्यांचा माल एसटीने जातो. आदल्या दिवशी माशांना उपाशी ठेवायचे, म्हणजे पिशवीतले पाणी घाण होत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन, तोंडाला रबर. असा मासा दिवसभराचा प्रवास आरामात काढतो.

इथे आम्ही कान टवकारले, कारण हा आपल्या खेडा खरेदीचाच प्रश्न आहे. दहा टाक्यांचाच हिशेब पुढे नेऊ, पुन्हा समजा म्हणूनच. दहा माद्या, महिन्याला तीनशे पिल्ले, त्यातली दोनशे जगली, तीन-चार महिन्यांत विक्रीला आली. म्हणजे बसून झाल्यावर महिन्याला शंभर जोड्या. दारात येणारा फिरता व्यापारी जोडीला दहा रुपये म्हणेल, वर मेलेल्याची कट्टी लावेल. हाती हजार. दुकानात स्वतः पोचवले आणि वीस मिळाले तर दोन हजार. खाद्य, पिशव्या, वीज, एसटीचे भाडे मिळून सहाशे धरा. एकाला चारशे उरले, दुसऱ्याला चौदाशे. मासा तोच, टाकी तीच, मेहनत तीच. आणि पत्रकात महिन्याला हजारांच्या दहा पटी छापलेल्या. चौदाशे रुपये वाईट नाहीत. घरातल्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून येणारे चौदाशे तर मुळीच वाईट नाहीत. पण त्यावर बोंडअळीने खाल्लेली पऱ्हाटी भरून निघत नाही. त्या बाईंच्या घरीही मुंबईची मनिऑर्डर, आता बँकेत येते म्हणा, ती बंद झाली तर नुसत्या गप्पीवर चूल पेटणार नाही. त्यांनी हे स्वतःच सांगितले, न विचारता.

म्हणून आमचा पहिला प्रश्न असा की शेवटचे गिऱ्हाईक कोण? चिपळूणच्या दुकानातून मासा घेणारे पोर ते काचेच्या पेटीत ठेवते, बघते, मेला तर दुसरा मागते. ते गिऱ्हाईक आहे. पत्रकवाल्याच्या माशाला असे पोर कुठे आहे? तो तुम्हाला जोडी विकणार, तुमची पिल्ले घेऊन पुढच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला जोडी म्हणून विकणार. मासा बघणारे कोणी नाहीच, सगळे पाळणारे. महागड्या वाणांच्या जोड्यांचा मोबाइलवर जो बाजार भरतो त्यातलाही बराचसा असाच, एका पाळणाऱ्याचा माल दुसऱ्या पाळणाऱ्याकडे. हेच एमू झाले.

खरा बाजार नाही असे मात्र नाही. चेन्नईजवळ कोलत्तूरला शेकडो कुटुंबे या धंद्यावर आहेत, कोलकात्याला गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी माशांचा बाजार भरतो. श्रीलंकेत खेड्यातली घरे गप्पी वाढवून निर्यातदाराला देतात आणि तो परदेशी पाठवतो. तिथे विमानतळ, निर्यातदार, वाणाची शिस्त, सगळे एका साखळीत आहे. जगाच्या या व्यापारात आपल्या देशाचा वाटा एक टक्क्याच्याही आत राहिला. का राहिला, याचे एक कारण दिल्लीत आहे, आणि ते ऐकून तुम्हाला घरचेच वाटेल.

23 मे 2017 ही तारीख लक्षात आहे? त्या दिवशी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने गुरांच्या बाजाराचे नियम काढले होते. बाजारात बैल विकायचा तर तो कत्तलीसाठी नाही असे लिहून द्या, घेणारा शेतकरीच आहे याचा पुरावा द्या, सहा महिने पुन्हा विकू नका. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवर बंदी होतीच, त्यामुळे म्हातारा बैल दावणीला पोसण्याचा खर्च आपण आधीच सोसत होतो. नव्या नियमांना मद्रास उच्च न्यायालयाने आठवड्याभरात स्थगिती दिली आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली. हे आपल्याला माहीत आहे. माहीत नाही ते असे की त्याच दिवशी, त्याच मंत्रालयातून, प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये या त्याच कायद्याखाली मत्स्यालय आणि शोभिवंत माशांच्या दुकानांचेही नियम निघाले होते. नोंदणी करा, तपासणीला दार उघडे ठेवा आणि यादीतल्या 158 जातींचे मासे विकू नका. तुमचा बैल आणि गुहागरच्या बाईंचा मासा एकाच दिवशी एकाच दाव्याला बांधले गेले.

गंमत पुढे आहे. त्या यादीत क्लाऊन मासा होता, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असतात तो. पुढे सरकारने मत्स्यालयाचे ते नियम मागे घेतले आणि काही वर्षांतच नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात, म्हणजे सरकारच्याच देखरेखीखाली, क्लाऊन माशाची पैदास सुरू झाली. किनाऱ्यावरच्या बचतगटांना शोभिवंत मासे वाढवायला देण्याची योजनाही आली. जो विकला तर गुन्हा होता, तो वाढवला तर आता प्रोत्साहन. धोरण असे उलटेसुलटे फिरते तेव्हा टाकी बांधणाऱ्याने कोणत्या भरवशावर सिमेंट आणायचे? कांद्याच्या निर्यातीचे जे होते तेच माशाचे.

नियम अजिबात नकोत असे आमचे म्हणणे नाही. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, ते समुद्रातून ओरबाडून विकणाऱ्याला पकडलेच पाहिजे. आणि हौशी लोकांनी कंटाळा आला म्हणून नदीत सोडलेला सकर मासा आज उजनीच्या जलाशयात भोयांची जाळी फाडतो आहे, त्याची भरपाई कोण देणार? पण रानातून पकडलेला जीव आणि घरच्या टाकीत जन्मलेला जीव यात फरक करता येत नसेल तर तो कायदा करणाऱ्याने एकदा टाकी धुवून बघावी.

अनुदानाचेही सांगून टाकतो, कारण बैठकीत तो प्रश्न येणारच. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटचा खर्च तीन लाख रुपये धरला. त्यावर सर्वसाधारण लाभार्थ्याला चाळीस टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के अनुदान ठेवले. आता वरच्या हिशेबाशी हे जोडून बघा. गुहागरच्या बाईंनी सुरुवात केली ती विहिरीजवळच्या जुन्या टाकीत आणि लोणच्याच्या बरण्यांत. तीन लाखांचे युनिट उभे करायचे तर साठ टक्के वजा जाऊनही एक लाख वीस हजार घरचे घालावे लागतात, तेही अनुदान वेळेवर आले तर. चौदाशे रुपये महिन्याने ते फिटायला सात वर्षे. अनुदान मिळते म्हणून मोठी टाकी बांधणारा बहुधा टाकी बांधणाऱ्या ठेकेदाराचे घर चालवतो.

शिकायचेच असेल तर जागा आहेत. रत्नागिरीला शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे, 1981 पासूनचे. त्याच विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रही रत्नागिरीत आहे आणि तिथले मत्स्यालय बघण्यासारखे आहे. माशाचे रोग, खाद्य, पैदास हे सगळे तिथल्या माणसांना विचारावे, पत्रक छापणाऱ्याला नव्हे.

आणि ज्या कार्यकर्त्याने पत्रक आणले त्याला आम्ही बैठकीच्या वतीने एवढेच कळवले आहे : जोडी विकत घेऊ नकोस. आरोग्य खात्याकडून पाच-पन्नास साधे गप्पी मागून आण, फुकट मिळतात. गोठ्याच्या सावलीत जमिनीत अर्धा पुरलेला हौद कर, वर पऱ्हाटीच्या काड्यांचा मांडव घाल आणि एक मे व एक डिसेंबर ते जिवंत ठेवून दाखव. तोवर वहिनींनी परभणी, जिंतूर, सेलूच्या दुकानांत जाऊन विचारावे की रंगीत गप्पी कुठून येतो, काय भावाने येतो, वाटेत किती मरतो. दुकानदाराने नाव लिहून घेतले तर पुढचे बोलू.

निघताना बाईंनी आमच्या हातात एक पिशवी दिली, सहा लाल गप्पींची. पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "तुमच्याकडे जगतात का बघा आणि कळवा." गुहागर ते चिपळूण, चिपळूण ते पुणे, पुणे ते परभणी, तीन एसट्या बदलत पिशवी मांडीवर घेऊन आलो. वाटेत प्रत्येक कंडक्टरने आत काय आहे ते विचारले. सहातले पाच पोचले. सध्या ते एका कार्यकर्त्याच्या गोठ्यातल्या हौदात आहेत आणि परवा त्यांतल्या एका मादीने सतरा पिल्ले दिली. मे महिना अजून यायचा आहे.